लॅबला न दिलेले दहा रोल

आमच्या समोरच्या दारात वहिनी राहतात. इस्पितळाच्या एक्स-रे विभागात त्यांनी तीस वर्षं नोकरी केली, त्यातली सव्वीस अंधाऱ्या खोलीत. तळघरात कपाटाएवढी जागा, लाल दिवा, ओळीने तीन टाक्या आणि वर तारेवर वाळत घातलेल्या लोकांच्या बरगड्या. मग सगळं कॉम्प्युटरवर आलं, टाक्या भंगारात गेल्या आणि शेवटची चार वर्षं वहिनी माउस हलवत बसल्या. निवृत्त होताना त्यांनी साहेबांकडे एकच वस्तू मागून घेतली, ती म्हणजे फिल्म लावून बघायची दिव्याची पेटी. ती त्यांनी जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीला ठोकली.

दादा, म्हणजे त्यांचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करायचे. गावातल्या उंच इमारतींपैकी निम्म्यांच्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेलेल्या. हत्यारांच्या पेटीत पक्कड, पान्हे आणि एक जुना फिल्मचा कॅमेरा. त्यांचे रोल कोपऱ्यावरच्या स्टुडिओत धुतले जायचे. सहा वर्षांपूर्वी स्टुडिओवाल्यांनी वयोमानामुळे शटर कायमचं ओढलं आणि जाताना उरलेल्या, तारीख उलटून गेलेल्या रोलांची पिशवी दादांना देऊन टाकली. दादा ते रोल वापरत राहिले. "धुवायला टाकू एकदा सगळे मिळून," म्हणायचे, आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवून द्यायचे.

मागच्या वर्षी दादांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं गेलं. म्हणजे एक शब्द राहिला, "तेच." चहा हवा तरी तेच, नको तरी तेच. डॉक्टरांनी नाव विचारलं, तर म्हणाले, "तेच." आणि स्वतःच हसले. समजायचं सगळं, मान हलवून हो-नाही सांगायचे, पण मनात काही नवं आलं की ते बाहेर पडायला वाटच नव्हती.

दोन-तीन महिन्यांनी त्यांनी एक नवाच हट्ट धरला. रोज काठी टेकत कपाटापाशी जायचे, डाव्या हाताने खालच्या खणावर थापा मारायचे, "तेच! तेच!" वहिनींनी मोजे दिले, चष्मा दिला, जुनी घड्याळं दिली. प्रत्येक वेळी दादा मान हलवायचे आणि शेवटी तोंड फिरवून बसायचे. एक दिवस वहिनींनी अख्खा खण काढून जमिनीवर पालथा केला. तळाशी पत्र्याचा डबा, डब्यात तेरा रोल. दादांनी डोळे मिटले आणि इतका लांब श्वास सोडला की मला दारातून ऐकू आला.

"धुवायचेत?" वहिनींनी विचारलं.

मान खाली-वर, खाली-वर.

तेरापैकी दोन रंगीत, अकरा काळे-पांढरे. प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर दादांच्या अक्षरात काहीतरी खूण. 'न ७', 'ब ३-५', 'ट ४-९'. कुणालाच अर्थ लागेना.

दुसऱ्या दिवशी वहिनी बाजारातल्या फोटो लॅबमध्ये गेल्या. मी सोबत होते. लॅबवाला तिशीतला, सरळ माणूस. त्याने रोल उलटसुलट करून पाहिले.

"रंगीत दोन्ही ठेवून जा, ते आमचं मशिन छान करतं," तो म्हणाला. "काळे-पांढरे आम्ही बाहेरगावी पाठवतो. पण काकू, हे तारीख गेलेले दिसतात. काढताना कॅमेऱ्याचं सेटिंग कशावर ठेवलं होतं?"

"ते सांगणारा माणूस बोलत नाही."

"मग अंदाजच. तिकडे सगळ्यांना एकच ठरलेला वेळ लावतात. जे येईल ते येईल. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही."

वहिनींनी दोन रंगीत दिले आणि चाचणी म्हणून एकच काळा-पांढरा दिला. रंगीत आठवड्यात आले, उत्तम आले. त्यांच्यावर लेकीच्या घरचे, मागच्या सहलीचे फोटो. ते बघून दादांनी मान डोलावली, पण समाधान झालं नाही. तीन आठवड्यांनी तो एक काळा-पांढरा रोल आला. पट्ट्या जवळजवळ कोऱ्या काचेसारख्या होत्या. नीट निरखलं तर कुठेतरी एक खांदा, एक दरवाजा, धुक्यात असल्यासारखा.

वहिनींनी पट्टी दिव्याच्या पेटीवर लावली, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक टेकेल इतक्या जवळ गेल्या. मग बोटाने फिल्मच्या कडेवर टकटक केलं.

"हे बघ. कडेचे आकडे कारखान्यातच उजेडाने उमटवलेले असतात, फिल्म धुतली की दिसतात. त्यांच्याशी ह्यांच्या कॅमेऱ्याचा काही संबंध नाही. तेही फिकेच आलेत. म्हणजे फिल्म म्हातारी झालीय आणि तिला धुवायला वेळ कमी पडलाय. फोटो आत होता, बाहेर यायच्या आतच बिचारीला उचललं."

"मग आता?"

"आता काय? उरलेले दहा मी धुणार."

लेक दुसऱ्या शहरात असते, कॉम्प्युटरवर काम करते. फोनवर तिचा आवाज मला पलीकडच्या खुर्चीत ऐकू येत होता.

"आई, तू हा उपद्व्याप कशाला घेतेस अंगावर? बाबांचं करून दमतेस. मी इथल्या मोठ्या लॅबला पाठवते ना."

"मोठी लॅबही घड्याळ लावूनच धुणार. आणि तिथे बिघडला तर कुणाला विचारू?"

"आणि तुझ्याकडून बिघडला तर?"

"तर मला विचारीन," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सव्वीस वर्षांच्या अनुभवावर त्यांची भिस्त होती, पण पहिल्याच आठवड्यात तो अनुभव जमिनीवर आला. एक्स-रेची फिल्म म्हणजे ताठ, मोठी, ताटासारखी. लाल दिव्यात दिसते, चिमट्याला अडकवायची, बुडवायची. ही दीड मीटर लांब, दोन बोटं रुंदीची, साप असल्यासारखी वळवळणारी पट्टी. तिला लाल दिवासुद्धा चालत नाही. काळ्या पिशवीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालायचे आणि नुसत्या स्पर्शाने ती एका चक्रीवर गुंडाळायची. एक वेढा दुसऱ्याला चिकटला की तेवढे फोटो गेलेच.

वहिनींनी सरावासाठी एक नवा रोल बळी दिला. आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग पिशवीत. दुपारी जेवणं झाली की टेबलावर पिशवी पसरायच्या आणि तास तास झगडायच्या. दादा समोर बसून त्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघायचे. फिल्म अडकली की वहिनींच्या तोंडून असे शब्द निघायचे, जे मी इथे लिहू शकत नाही. दादांना त्याचं भारी हसू यायचं.

"हसा," वहिनी म्हणायच्या. "स्वतः आयुष्यभर स्टुडिओवाल्याच्या जिवावर फोटोग्राफर झालात."

मग त्यांनी त्याच कॅमेऱ्यात नवा रोल घालून आमच्या जिन्याचे, कुंड्यांचे, माझे, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढले आणि धुतले. निम्म्या पट्टीवर दुधाळ डाग. दुसरा रोल, तीनच डाग. तिसरा स्वच्छ. ती पट्टी न्हाणीघरात टांगली तेव्हा वहिनींनी मला बोलावून दाखवली. त्या दिवशी चहाबरोबर दोन प्रकारची बिस्किटं होती.

खरी परीक्षा पुढेच होती. जुन्या रोलांना किती वेळ लावायचा, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. वहिनींनी इस्पितळातली युक्ती काढली. एक रोल पिशवीत फोडायचा, सुरुवातीची वीतभर फिल्म कापायची, उरलेली काळ्या डब्यात बंद. तो तुकडा एकटाच धुऊन बघायचा.

"त्यात पाच-सहा फोटो जातील," मी म्हटलं.

"जातील. बाकीचे तीस वाचतील."

वेळ सांगायला मला न्हाणीघराच्या दारात उभं केलं. बादलीत बर्फाचं पाणी, त्यात बाटल्या, थर्मामीटरवर वीस अंश. पहिला तुकडा आठ मिनिटं, अगदी लॅबसारखाच फिका. दुसरा अकरा मिनिटं, त्यात काहीतरी उमटलं. तिसरा चौदा मिनिटं. वहिनींनी तो ओलाच दिव्याच्या पेटीवर धरला आणि म्हणाल्या, "हं. आली बाई शुद्धीवर."

त्या तुकड्यावर एक बाई होती. नेगेटिव्हमध्ये चेहरा काळा, केस पांढरे, त्यामुळे कोण ते कळेना. एवढंच दिसत होतं की ती खुर्चीवर बसलीय आणि तिच्या पायांशी पिशव्या आहेत.

वहिनी रोज एकच रोल घ्यायच्या. प्रत्येकाचा तुकडा आधी, मग बाकीचा. सहा रोल सुरेख निघाले. सातव्याला घात झाला. त्या दिवशी मी दारात उभी राहून आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची कर्मकथा सांगत होते. वहिनी हूं हूं करत होत्या. त्यांनी बाटली उचलली, चक्री ठेवलेल्या बंद डब्यात ओतली, आणि त्यांचा हात थांबला. आंबट वास आला होता. पहिल्या औषधाच्या जागी हायपो पडला होता. हायपोचं काम फिल्मवर उमटलेलं पक्कं करायचं. काही उमटायच्या आत तो पडला, की फिल्म धुऊन कोरी.

त्यांनी तरी सगळे सोपस्कार पूर्ण केले. शेवटी चक्री उघडली. फिल्म आरपार स्वच्छ होती; आधी कापून धुतलेल्या तुकड्यावर नुसता रिकामा जिना आला होता. चिकटपट्टीवर लिहिलं होतं, 'ट ४-९'.

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं.

"बाटली माझ्या हातात होती," वहिनी म्हणाल्या. आणि कोरी पट्टी घेऊन दादांकडे गेल्या, त्यांच्यासमोर धरली. "हा मी घालवला. चुकून हायपो आधी ओतला." दादांनी पट्टी बघितली, वहिनींकडे बघितलं. डावा हात उचलून त्यांनी वहिनींच्या मनगटावर ठेवला.

दोन दिवस काळी पिशवी घडी करून कपाटात होती. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी जाऊन बघते तर वहिनी हायपोच्या बाटलीच्या मानेला सुतळीचे जाड वेढे घालत बसलेल्या.

"आता हाताला कळेल," त्या म्हणाल्या. "आणि तू दारात उभी राहिलीस तर फक्त मिनिटं सांगायची. पंप नंतर."

उरलेले तीनही रोल नीट निघाले.

लेक सुट्टी काढून आली ती स्कॅनर घेऊनच. जुनाच, कुणाकडून तरी मिळवलेला, पण फिल्मच्या पट्ट्या ठेवायची चौकट असलेला. आईशी फोनवर भांडली होती, पण आल्या आल्या न्हाणीघरातल्या पट्ट्या एकेक करून निरखायला लागली. मग दोघी कामाला लागल्या. लेक स्कॅनरपाशी, वहिनी पट्ट्या कापून देणार आणि दादांकडे रबरी फुग्याचं काम. डाव्या हाताने फुगा दाबून पट्टीवरची धूळ उडवायची. ह्या कामात त्यांच्याएवढा कडक माणूस नव्हता. एक कण दिसला तरी पट्टी सोडायचे नाहीत.

पहिला फोटो पडद्यावर सुलटा झाला आणि लेक म्हणाली, "अय्या, ही कोण?"

सत्तरीची बाई, जिन्याच्या चौकात घरातली खुर्ची आणून बसलेली, पायांशी भाजीच्या पिशव्या. मागे लिफ्टचं उघडं दार, त्यावर 'बंद आहे' अशी पाटी, आणि भिंतीवर मोठा आकडा, ७. पुढच्या फोटोत दोन मुली पायरीवर बसून अभ्यास करताना. मग कुबड्या भिंतीला टेकवून उभा एक माणूस. मग एक गरोदर बाई, कठड्याला धरून, दमलेली, पण कॅमेऱ्याकडे बघून हसणारी. नऊच्या नऊ रोलांवर सगळे असेच. लिफ्ट बंद पडली म्हणून मजल्यावर अडकलेले लोक. दादा दुरुस्तीला जायचे, वर-खाली करताना हे लोक भेटायचे, आणि दादा त्यांचा फोटो काढायचे.

"म्हणजे चिकटपट्टीवर मजले आहेत," वहिनी म्हणाल्या. "अक्षर म्हणजे इमारत."

दादा खुर्चीच्या हातावर हात आपटायला लागले. "तेच! तेच! तेच!" मग पडद्यावरच्या म्हातारीकडे बोट केलं, हात छातीशी आणला आणि पुढे पसरला. पुन्हा तसंच. पुन्हा.

लेकीला कळेना. वहिनींनी मात्र स्कॅनर बंद करायला लावला, दादांच्या समोर खाली बसल्या.

"त्यांना द्यायचेत? फोटो देतो असं कबूल केलं होतं का तुम्ही?"

दादांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मान हलायची थांबेना. इतके महिने हा माणूस कपाटावर थापा मारत होता तो स्वतःच्या फोटोंसाठी नव्हताच. दिलेला शब्द अडकला होता.

अक्षरांचं कोडं दादांच्या जोडीदाराने सोडवलं. दोघांनी वीस वर्षं एकत्र काम केलेलं. तो आला, डब्यातल्या चिकटपट्ट्या टेबलावर मांडल्या आणि भराभर वाचत सुटला. "न म्हणजे नदीकाठची. ब म्हणजे बँकेवरची. ट, टाकीवाली, ती नाही का, पाण्याच्या टाकीजवळ." मग म्हणाला, "आम्ही कागदावर पत्ते कधी लिहिलेच नाहीत. अशीच नावं ठेवायचो."

फोटो कागदावर छापायला वहिनी पुन्हा त्याच लॅबमध्ये गेल्या. लॅबवाल्याने पडद्यावर फोटो बघितले आणि खुर्ची सरकवून जवळ आला.

"हे घरी धुतलेत?"

"न्हाणीघरात. धुणं माझं, छपाई तुझी. ती मला जमणार नाही, आणि शिकायची इच्छाही नाही."

त्याने प्रत्येक फोटो नीट, मनापासून छापला. फिका आलेला लॅबचा तो पहिला रोलही लेकीने स्कॅन करून पुष्कळसा ओढून बाहेर काढला होता. त्यातले अकरा चेहरे ओळखता येत होते, तेही छापले.

मग वाटप सुरू झालं. दर शनिवारी सकाळी वहिनी, दादा चाकाच्या खुर्चीत, आणि जोडीदार किंवा मी. नदीकाठच्या इमारतीतली सातव्या मजल्यावरची बाई वारली होती. तिच्या सुनेने फोटो घेतला आणि दारातच उभी राहून म्हणाली, "ही खुर्ची अजून आहे आमच्याकडे." दोन मुली मोठ्या होऊन गेल्या होत्या, त्यांच्या वडिलांनी फोटोचा लगेच फोनने फोटो काढून पाठवला. काही घरं बदलली होती, काहींनी ओळखलंच नाही. एकाने विचारलं, "हे विकत आहे का?"

बँकेवरच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर एका बाईंनी फोटो हातात घेतला आणि परत दिला.

"मला नको. त्या दिवशी मी ह्यांना इस्पितळात न्यायला निघाले होते. लिफ्ट बंद. खाली उतरवायला पाऊण तास लागला." त्या दादांकडे वळल्या. "तुम्हीच होता ना? फोटो काढत बसला होतात?"

जोडीदार मध्ये पडायला गेला, "अहो ताई, त्यांनीच तर खुर्चीत घालून खाली..." पण वहिनींनी त्याला थांबवलं. बाईंना बोलायचं होतं आणि त्या बोलल्या, सगळं बोलल्या. दादांनी डावा हात छातीवर ठेवला आणि मान खाली घातली. बाई थोड्या वेळाने म्हणाल्या, "पाणी देऊ का?" फोटो त्यांनी घेतला नाही. तो वहिनींनी पिशवीत परत ठेवला.

शेवटी राहिली टाकीवाली. तिथे द्यायला काहीच नव्हतं.

"जोडीदार म्हणतो, कुणाला आठवतही नसेल, सोडून द्या," मी वहिनींना म्हटलं.

"ह्यांना आठवतं," त्या म्हणाल्या. "आणि रोल मी घालवलाय, त्यांनी नाही."

त्या शनिवारी पिशवीत फोटो नव्हते, कॅमेरा होता, आत नवा रोल. चौथ्या मजल्यापासून सुरुवात. प्रत्येक दारात वहिनी एकच गोष्ट सांगायच्या, काही लपवून न ठेवता. "काही वर्षांपूर्वी लिफ्ट बंद होती तेव्हा ह्यांनी तुमचा फोटो काढला होता. धुताना तो माझ्या हातून गेला. तुमची हरकत नसेल तर परत काढते." एक दार उघडलंच नाही. दोन घरांत हसले, पण बाहेर आले. सहाव्या मजल्यावरच्या शिंप्याने गळ्यातली टेप काढायला नकार दिला, "तेव्हाही होती." सगळ्यांना दादांचा चेहरा आठवत होता, हे मात्र खरं. हातात पेटी घेऊन जिना चढणारा माणूस लोक विसरत नाहीत.

नवव्या मजल्यावर एक आजोबा एकटेच राहत होते. वहिनींचं सांगून होईपर्यंत त्यांनी खुर्ची ओढत बाहेर आणलीसुद्धा.

"ह्यांनी त्या दिवशी माझी औषधं वर आणून दिली होती," ते म्हणाले. "नऊ मजले. मी म्हटलं, फोटो कसला काढताय, आधी दम घ्या."

ते बसले. वहिनींनी कॅमेरा डोळ्याला लावला. दादांनी खुर्चीतूनच वहिनींच्या कोपराला धरून त्यांना डावीकडे ढकललं, आणखी थोडं, खिडकीचा उजेड आजोबांच्या गालावर येईपर्यंत. मग हात सोडला. वहिनींनी बटण दाबलं.

तो रोल नवाच होता, आठच मिनिटं पुरली. पुढच्या आठवड्यात फोटो घेऊन दोघं नवव्या मजल्यावर गेले. आजोबांनी फोटो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"कॉलर वाकडी आलीय," ते म्हणाले. "पुन्हा काढा."

"रोल संपलाय," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात येतो. शर्ट इस्त्री करून ठेवा."